कोंदटपूरचे रोडगे

१२ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोजनिशी. शुद्ध भाषेत. वऱ्हाडी शब्द एकही येऊ द्यायचा नाही. पुण्याला गेल्यावर सवय मोडत बसायला नको.

बदलीचा अर्ज गेला. बँकेची आर्णी शाखा ते पुणे. आमच्या मॅनेजरने हातातला चहा खाली ठेवून ताबडतोब शिफारस लिहून दिली. माझी योग्यता त्याला उशिरा का होईना, कळली म्हणायची.

जाईपर्यंत या गावासाठी काहीतरी करायचं ठरवलं आहे. उपक्रमाचं नाव ‘कादंबरी आणि ताट’. दर पंधरवड्याला रविवारी, आमच्या अंगणात. छोट्या गावावरची एक कादंबरी मी उलगडून सांगणार आणि तिच्या प्रकृतीला साजेसा एक पदार्थ लोक खाणार. पुण्यामुंबईकडे पुस्तकाबरोबर वाइन आणि चीज ठेवतात असं वाचलं. इथे वाइन म्हटलं की लोक बसस्टँडमागच्या दुकानाकडे बघतात. म्हणून पदार्थ. फोटो फेसबुकवर. तिकडच्या लोकांना कळलं पाहिजे की कापूस आणि सोयाबीनच्या या ढिगाऱ्यात एक माणूस राहतो.

पदार्थ उज्ज्वला करेल. तिला अजून सांगितलेलं नाही.

१४ ऑक्टोबर

सांगितलं. तिने विचारलं, माणसं किती. मी म्हटलं, रसिकता मोजता येत नसते. ती म्हणाली, बरं, पण कणीक मोजावी लागते. या पातळीवर आमचा संसार चालतो. माहेर ढाणकीचं, त्याला ती तरी काय करणार.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिली कादंबरी निवडली. रेशन दुकानदाराच्या आयुष्यावर आहे. नाव इथे लिहीत नाही, लेखकाला फुकटची प्रसिद्धी कशाला? साठ पानं वाचली. पुढचं समजलं. छोट्या गावांवरच्या कादंबऱ्या पूर्ण वाचायची गरज नसते, छोट्या गावात पुढे काही होतच नाही.

माझी स्वतःची कादंबरी वेगळी. ‘कोंदटपूर’. वरवर पाहता कोंदटपूर म्हणजे कोणतंही गाव. आतून आर्णी. इथला प्रत्येक नमुना तिच्यात आहे, पण अशा कौशल्याने की कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही. शेवट तेवढा राहिला आहे. तो पुण्यात होईल. इथे राहून इथलं लिहिता येत नाही, इथली धूळ सारखी नाकात जाते.

२ नोव्हेंबर, रविवार, दुपार

पहिला कार्यक्रम पार पडला. कादंबरी कोरडी, म्हणून पदार्थही कोरडा, कणकेची उकडपेंडी. ही जोडी मी सुचवली. (उज्ज्वला म्हणते की घरात कणीकच होती म्हणून तिने सुचवली. असो.)

उपस्थिती. एक, रूपसिंग. एसटीचा रिटायर्ड कंडक्टर. बंजारा तांडा सोडून आमच्या गल्लीत घर बांधलं, तेव्हापासून गल्लीत शांतता म्हणून नाही. दोन, मानीबाई, शेजारीण. कोणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते हिला विचारावं. तीन, बळीराम, आमच्या शाखेचा कॅशियर. नोटा मोजतो त्याच वेगाने बोलतो, म्हणजे एक वाक्य संपेपर्यंत लाइन दारापर्यंत जाते. शिवाय उज्ज्वलाकडे ब्लाउज शिवायला शिकणाऱ्या चारपाच पोरी.

मी पाऊण तास बोललो. ‘ग्रामीण अवकाशातील साचलेपण’. बोलणं संपल्यावर प्रश्न विचारा म्हटलं. रूपसिंगने विचारलं की अजून उकडपेंडी हाये का.

मानीबाईने विचारलं की त्या रेशनवाल्याच्या पोरीचं शेवटी लग्न झालं का. मी सांगितलं, लेखकाने ते संदिग्ध ठेवलं आहे. तेवढ्यात उज्ज्वला आतून म्हणाली की झालं ना, यवतमाळच्या मास्तरशी, शेवटच्या पानावर हाये. पुस्तक हिच्या हातात कधी गेलं? हळदीचा डाग पडला असला तर पाहून घेतो.

४ नोव्हेंबर

फेसबुकवर फोटो टाकला. मी मध्यभागी, हातात पुस्तक, नजर दूर. कॉमेंट तीन आल्या. तिन्ही उकडपेंडीत लसूण आधी की मोहरी आधी, यावर. पुण्याहून एकही नाही. तिकडे लोक विचार करून लिहितात.

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

दुसरा कार्यक्रम. कोळशाच्या खाणीच्या गावावरची कादंबरी, वणीकडची. पदार्थ पातोडी रस्सा, म्हणजे झणझणीत रश्शात बेसनाच्या वड्या. रस्सा काळा, कोळसा काळा. एवढी सूक्ष्म जोडी आर्णीत कोणाच्या लक्षात येईल? मीच सांगितलं. माना डोलावल्या. चमचे थांबले नाहीत.

या वेळी अंगण भरलं. सतरंजी कमी पडली, मानीबाईने तिच्या घरची आणली. माझं पहिलं भाषण गावात गाजलं याचा हा पुरावा.

वातावरण पाहून ‘कोंदटपूर’चं एक प्रकरण वाचलं. करुण प्रकरण आहे. धनसिंग नावाचा वाचाळ म्हातारा बायकोच्या तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनाही तिकीट, तिकीट म्हणत फिरतो. वाचताना मी दोनदा थांबून डोळे टिपले. लोक हसून हसून लोळले. रूपसिंग तर डोळे पुसत म्हणाला की साहेब, हा धनसिंग म्हणजे मीच ना, मग मिशा काहून नाही टाकल्या? आणि बायको कायले मारली, ते तं तिकडं बसून पातोडी खाऊन राह्यली. त्याची बायको हंसाबाई तिथून गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी ओरडली, आणि पुन्हा सगळे हसले. मानीबाईने विचारलं की मी कोणत्या पानावर आहे.

शोकांतिका पचवायला एक संस्कृती लागते. ती यांच्याकडे नाही.

शेवटी जाहीर केलं की माझी पुण्याला बदली होत आहे. चमचे थांबले. मानीबाईने विचारलं, ताई बी जाईन का? मी म्हटलं, अर्थातच. रूपसिंगने ताट अर्धं टाकलं. रूपसिंगने! खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझी पोकळी यांना आत्तापासूनच जाणवायला लागली.

१७ नोव्हेंबर

उज्ज्वलाशी बोलाचाली. ती म्हणाली की मला एकदा तरी विचारायचं. मी म्हटलं, चांगल्या गोष्टी विचारून करायच्या असतात का? तिचं म्हणणं असं की इथे तिच्याकडे पोरी शिकायला येतात, गल्लीतलं एक घर तिच्याशिवाय मुंज-बारसं करत नाही, आणि पुण्यात तिसऱ्या मजल्यावर ती खिडकीतून काय दुसरी खिडकी पाहत बसणार? मी म्हटलं, पुण्यात नाटकं आहेत. ती म्हणाली, तुम्ही घरात करता तेवढी पुरे आहेत.

रात्रीची भाजी अळणी होती. तशीच खाल्ली. मोठेपणा मोठ्याने दाखवायचा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उज्ज्वला आजकाल शनिवारी गावाबाहेरच्या मारुतीला जाते. संगे मानीबाई आणि हंसाबाई. तीन बाया, एक नारळ. मी म्हटलं, काय मागतेस त्याला? ती म्हणाली, मागितलं ते सांगत नसतात. असल्या खुळ्या समजुतींवर ‘कोंदटपूर’मध्ये अख्खं प्रकरण आहे.

(‘संगे’ खोडायचं. ‘सोबत’.)

३० नोव्हेंबर, रविवार

तिसरा कार्यक्रम. नदीकाठच्या गावाची कादंबरी आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी. कादंबरीचं नाव घेतलं आणि पाठीमागून कोणीतरी ओरडलं की हे राहू द्या साहेब, कोंदटपूर वाचा. मग काय, वाचलं. गंगूबाईचं प्रकरण, चोंबडी बाई, सगळ्यांच्या खिडकीला कान लावून बसणारी. मानीबाई इतकी खूश झाली की तिने घरून लोणच्याची बरणी आणली. आपली एवढी नालस्ती ऐकून लोणचं आणणारी बाई मी पुस्तकात लिहिली असती, तर समीक्षक म्हणाले असते, अतिशयोक्ती आहे.

यांच्यात स्वाभिमान नावाला नाही. पुण्यातल्या कोणावर असं लिहून पाहा, वकिलाची नोटीस येते.

५ डिसेंबर, शुक्रवार

बदल्यांची यादी आली. बळीरामने कॉम्प्युटरवर पाहिली. माझं नाव आहे का विचारलं तर त्याने यादी वरून खाली, मग खालून वर वाचली आणि म्हणाला की साहेब... तुमचं... नाव... तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं झाली. शेवटी मीच पाहिलं. नाही.

मॅनेजर दिवसभर केबिनमध्ये कपाळ धरून बसला होता. माझ्याइतकंच त्याला लागलेलं दिसलं.

घाबरायचं कारण नाही. ही पहिली यादी. पहिल्या यादीत सटरफटर लोक असतात. दुसरी यादी येते, तिच्यात विचारपूर्वक केलेल्या बदल्या असतात. बळीराम म्हणाला की दुसरी यादी असं काही नसते. त्याला काय माहीत? आयुष्य गेलं त्याचं नोटांना रबर लावण्यात.

रात्री आठ. उज्ज्वलाला सांगितलं. तिने पदर कमरेला खोचला आणि पुरण शिजत घातलं. शुक्रवार, सण नाही, वार नाही. मला धीर यावा म्हणून. कितीही झालं तरी बायको ती बायको. चार पोळ्या खाल्ल्या.

जेवताना ती म्हणाली की पुढच्या ताटाला रोडगे करायचे का, मारुतीच्या देवळाजवळ, मोकळ्यावर.

७ डिसेंबर, रविवार

मला एक अप्रतिम कल्पना सुचली. पुढचं ताट रोडग्यांचं. मारुतीच्या पारासमोर. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वरून राख, आतून मऊ. मग तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ‘कोंदटपूर’ नेमकी तशीच आहे. वरून राख, आत माणूस. या वेळी दुसऱ्याची कादंबरी नाही. पूर्ण दुपार ‘कोंदटपूर’. पुण्याची दुसरी यादी येण्याआधी निरोपाचं वाचन.

बॅनर छापायला टाकला. ‘कोंदटपूर’ मोठ्या अक्षरात, रोडगे बारीक.

११ डिसेंबर

गावात काहीतरी बदललं आहे हे मान्य करावं लागेल. मी कोणाला एक शब्द न सांगता मदत सुरू झाली. रूपसिंगने तांड्यावरून गव्हाचं जाडं पीठ आणून टाकलं. हंसाबाई आणि मानीबाईने गोवऱ्या जमवल्या, त्यांची रास देवळामागे माझ्या डोक्याइतकी उंच. कोणाच्या तरी शेतातली वांगी आली, कोणाकडून तूप. बळीरामने सुट्टी टाकली. बळीरामने! गेल्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली तेव्हाही तो ऑफिसला आला होता.

एका कादंबरीसाठी गाव असं उठतं? मी यांच्याबद्दल जरा कठोर लिहिलं का? प्रकरण सातमधला ‘ढोरं’ हा शब्द बदलून ‘माणसं’ करावा का, याचा विचार केला. लय खराब होते. राहू दिला.

१३ डिसेंबर, शनिवार

नवा कुर्ता. माइक भाड्याने आणला. भाषणाचं पहिलं वाक्य ठरलं: मित्रहो, गाव लेखकाला घडवत नाही, लेखक गावाला घडवतो. आरशासमोर म्हणून पाहिलं. उज्ज्वला म्हणाली की कुर्त्याची लेबलं काढा आधी.

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

असा दिवस मराठी साहित्यात झाला नसेल.

सकाळी पोचलो तर पाराभोवती माणूसच माणूस. गल्लीतले, बाजारातले, तांड्यावरचे, बँकेचे खातेदार, ज्यांना मी चेकवर सही चुकली म्हणून परत पाठवलं तेसुद्धा. बाया वांगी चिरून राहिल्या होत्या, पुरुष निखाऱ्यावर रोडगे उलटून राहिले होते. (भाषा उद्या सुधारतो. आज वेळ नाही.) धुराने डोळे चुरचुरत होते, पण ते फक्त धुरानेच असं म्हणणार नाही.

मी जाताच मानीबाईने मला टिळा लावला, कानाशी बोटं मोडली. पहिला रोडगा मारुतीपुढे ठेवायला मला आणि उज्ज्वलाला उभं केलं. जोडीने. मी मनात म्हटलं, रूढी म्हणून ठीक आहे. मग एकेक जण येऊन हात हातात घेऊ लागला. बरं झालं साहेब. लय चांगलं झालं. मारुतीनं ऐकलं. एका म्हाताऱ्याने तर उज्ज्वलाच्या पाया पडायला वाकत म्हटलं की माय, सुटलो. लेखकाच्या पत्नीबद्दल एवढा आदर तर शहरातही नसतो.

मी माइक घेतला. पहिलं वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या वाक्याला रूपसिंगने माइक मागितला, पुढच्या पंगतीला बसा, मागच्यांनी ढकलू नका, एवढं सांगायला. मग त्याला एसटीची आठवण आली आणि माइक काही परत आला नाही. पाच ओळी वाचल्या मी. पण जे काही वातावरण होतं ते ‘कोंदटपूर’चंच होतं.

पंगती चार वाजेपर्यंत. वाढायला उज्ज्वला. अशी हसताना तिला लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

ठरवलं. अर्पणपत्रिका: ‘माझ्या गावाला’. पुण्याला गेल्यावरही वर्षातून एकदा इथे यायचं.

१५ डिसेंबर, सोमवार, दुपार

बँकेत बळीरामला म्हटलं, पाहिलंस? साहित्याची भूक असते ती अशी. तो नोटा मोजत होता, थांबला. पहिल्यांदाच मध्ये थांबला. आणि विचारलं की साहेब, तुम्हाले खरंच माहीत नाही का?

काय माहीत नाही?

तर तो म्हणाला, रोडगे नवसाचे होते. मागितलेलं झालं की मारुतीले रोडगे घालतात. कोणाला बोलवावं लागत नाही, ज्याला समजलं तो येतो. ताईनं नवस बोलला होता की पुण्याची बदली होऊ नये. यादी आली, नाव नाही, नवस फळला. गावात सगळ्यांले माहीत होतं. साहेबाले बी माहीत असंन असं वाटलं, जोडीनं तुम्हीच तं पहिला रोडगा ठेवला.

म्हणजे माझी बदली झाली नाही म्हणून अख्खं गाव तूप लावून जेवलं. आणि मी त्यांच्यात नव्या कुर्त्यात मिरवून राह्यलो होतो!

काउंटर बंद केलं. डोकं दुखतं सांगितलं.

१५ डिसेंबर, संध्याकाळ

आधी राग आला. अस्सा राग की घरी न जाता स्टँडपर्यंत चालत गेलो. पुण्याची गाडी उभी होती. कंडक्टरने विचारलं, येता का? नाही म्हटलं.

मग तिथे बसल्या बसल्या दुसरं सुचलं. गाव माझ्या जाण्याच्या विरोधात देवापुढे उभं राहिलं. पीठ दिलं, गोवऱ्या दिल्या, रजा टाकली. कशासाठी? मी राहावं म्हणून. मी यांना चोंबडे म्हटलं, वाचाळ म्हटलं, प्रकरण सातमध्ये ढोरं म्हटलं, आणि यांनी मला मारुतीकडून मागून घेतलं. पुण्यात माझ्यासाठी कोण एक गोवरी जाळणार आहे? डोळ्यांत पाणी आलं. इथे धूर नव्हता, तरी आलं. ते लिहून ठेवतो.

तसाच मानीबाईकडे गेलो. ओट्यावर ती, हंसाबाई आणि रूपसिंग चहा घेत होते. मी म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, मला माहीतच नव्हतं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. रूपसिंगने बशी खाली ठेवली.

मानीबाई म्हणाली की गैरसमज नका करून घेऊ साहेब, पण तुम्ही गेले असते तं चाललं असतं. आम्हाले ताई पाह्यजे होती. पोरींले शिवण कोण शिकवीन, हातभार कोण लावीन, रविवारी जेवण कोणाकडं? तुम्ही गेले म्हणजे ताई बी जाते, म्हणून तं सारा खटाटोप.

रूपसिंगने समजूत घातली. तो म्हणाला की मी तं आधीच सांगून राह्यलो होतो, साहेबाले पुण्याले जाऊ द्या अन् ताईले इथंच राहू द्या, असा नवस बोलू. साहेबाची बी हौस भागंन. पण हंसाबाई म्हणाली की मारुती ब्रह्मचारी, त्याले नवरा-बायकोतलं असं अर्धं-अर्धं मागणं समजत नाही, उगाच उलटं करून ठेवीन. म्हणून तुम्हाले बी ठेवा लागलं.

हंसाबाईने चहा दिला. साखर जास्त होती. पिलो.

१६ डिसेंबर, मंगळवार

मॅनेजरने बोलावलं. दुसरी यादी नसते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणाला, शिफारस तो आत्ताच लिहून ठेवतो.

‘कोंदटपूर’ उघडली. शेवट लिहायला बसलो. एक ओळ लिहिली, खोडली. वाईट वाटून राह्यलं. शुद्ध भाषेत याला काय म्हणतात ते आठवलं नाही.

संध्याकाळी उज्ज्वलाने उरलेले रोडगे कुस्करून त्यात गूळ-तूप घातलं आणि वाटी पुढे ठेवली. मी विचारलं, नवस बोलताना माझं नाव घेतलं होतंस का?

ती म्हणाली, आधी खा, तूप गोठून राह्यलं.